यादीतून नाव गेलं तरी हजेरी सोडू नका

आमच्याकडे शहर सफाईचं टेंडर बदललं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. रस्ते तेच, गटारी त्याच, झाडणारी माणसं तीच. बदलतो तो ठेकेदार. आणि नवा ठेकेदार येताना स्वतःची यादी घेऊन येतो. यंदाच्या यादीत आमच्यातल्या एकोणीस जणांची नावं नव्हती. कुणालाही लेखी काही मिळालं नाही. पहाटे हजेरीच्या ठिकाणी मुकादमानं तोंडी सांगितलं, "तुमचं नाव आलेलं नाही, उद्यापासून येऊ नका." झालं, हातात नारळ.

प्रकरण आता बेळगावला कामगार अधिकाऱ्यांपुढे आहे, म्हणून शहराचं आणि संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. सीमाभागात राहणाऱ्यांना चित्र ओळखीचं वाटेल एवढं नक्की.

मी आमच्या संघटनेची खजिनदार आहे. पावती पुस्तक माझ्याकडे असतं, त्यामुळे कोण वर्गणी देतं आणि कोण बैठकीला येतं, हे दोन्ही मला दिसतं. आज लिहायला बसले ती ह्या दोन्हींमधल्या अंतरामुळे.

आधी त्या एकोणीस जणांबद्दल. 23 सप्टेंबर हा कर्नाटकात पौरकार्मिक दिन, म्हणजे शहर सफाई कामगारांचा दिवस. गेल्या वेळी त्या दिवशी स्टेजवर बोलावून ज्यांना शाल आणि हार घातला, त्यातल्या दोघींची नावं ह्या यादीत नाहीत. एक ड्रायव्हर आहे, घंटागाडीवर. तिघे यूजीडीवाले, म्हणजे जमिनीखालच्या गटारीचं काम करणारे. बाकी झाडूवाल्या बाया, बहुतेक दलित वस्तीतल्या, निम्म्याजणी घरात एकट्या कमावत्या. राज्यानं ठरवलेला निकष दर 700 माणसांमागे एक पौरकार्मिक असा आहे. शहराला नव्या वसाहती जोडल्या जातायत, प्रत्येक वॉर्डात घरं वाढलीत, आणि झाडणारे हात मात्र कमी करतायत. मग ते काम कोण करणार? जे उरलेत तेच. एकीला दोन गल्ल्या होत्या, आता तिला चार दिल्यात, पगार तोच. म्हणजे ज्यांचं नाव यादीत आहे त्यांच्याही डोक्यावर ही कपात बसलीच आहे.

यादी लागली त्याच दिवशी संध्याकाळी कुणीतरी उठवलं की मराठी माणसंच काढली. दुसऱ्या वस्तीत नेमकं उलटं उठलं, की कन्नडवाल्यांना काढून मराठ्यांना ठेवलं. आमच्या भागात असली काडी लागायला वेळ लागत नाही. मी यादी घेऊन दोन्ही वस्त्यांत गेले आणि नाव-नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. मराठी आहेत, कन्नड आहेत, घरात उर्दू बोलणारे आहेत. ज्यांची नोकरी जुनी आणि म्हणून ज्यांना द्यायचे पैसे जास्त, अशांचीच नावं जास्त गळलीत. 1 नोव्हेंबरला आमचे सभासद वेगवेगळ्या ठिकाणी असतात, कुणी सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिवसाच्या फेरीत, कुणी कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत. सीमाप्रश्नावर माझंही मत आहे आणि मी ते लपवत नाही. पण 2 तारखेच्या पहाटे सगळे एकाच मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठा लावतात आणि रस्त्यावरचा कचरा मिळूनच उचलतात. संघटनेचं पत्रक म्हणूनच आम्ही एका बाजूला मराठी आणि पाठीमागे कन्नड असं छापतो, आणि बैठकीत कुणीही कुठल्याही भाषेत बोललं तरी शेजारची बाई समजावून सांगते.

आता कायद्याचं. तोंडी सांगून काढता येत नाही. जुना 1947 चा औद्योगिक विवाद कायदा असो की नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता, कपात करायची तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते किंवा तेवढा पगार, आणि पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. शेवटी लागलेला आधी जातो, हाही नियम आहे. जुन्यांना काढून नवे ठेवायचे तर कारण लिहून ठेवावं लागतं. कपातीनंतर वर्षभरात पुन्हा भरती केली तर आधी काढलेल्यांना विचारावं लागतं. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकाला, म्हणजे ज्या संस्थेचं काम आहे तिला, तो द्यावा लागतो.

नोटीस आणि भरपाई मिळायची तर वर्षात 240 दिवस भरलेत हे दाखवावं लागतं. आणि इथेच आमची माणसं मार खातात. 2002 मध्ये कर्नाटकातल्याच वनखात्याच्या एका कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे सिद्ध करायची जबाबदारी कामगाराची आहे, नुसतं प्रतिज्ञापत्र चालत नाही. मस्टर ठेकेदाराच्या कपाटात असतं. ते मागवून घेता येतं, पण ठेकेदारच गाव सोडून गेला तर काय मागवणार?

आमच्यातल्या एका अक्कांनी ह्याचं उत्तर घरच्या भिंतीवरून काढून आणलं. कालनिर्णय. गेल्या कित्येक वर्षांची कॅलेंडरं त्यांनी गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. प्रत्येक तारखेच्या चौकोनात वरच्या कोपऱ्यात दुधाचा आकडा आणि खाली बारीक 'ड्यू', म्हणजे ड्युटी, असं लिहिलेलं. खाडा झाला की फुली, आणि फुलीशेजारी कारण: 'ताप', 'नणंदेचं लग्न', 'यल्लम्मा'. पगार झाला त्या दिवशी रक्कम. आम्ही समाजमंदिरात सतरंजीवर ती कॅलेंडरं पसरली आणि त्यांच्या मुलानं मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडलं. ज्या महिन्यात पगार लिहिलाय त्या महिन्याची भरणी पासबुकात, ज्या महिन्यात ठेकेदार बदलला तिथे दोन महिने भरणीच नाही, पण कॅलेंडरवर ड्युटी आहे. हे दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा आमच्या वकिलांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बाई, हे असं प्रत्येकीचं करून आणा." साप्ताहिक सुट्टीचे पगारी दिवसही 240 मध्ये धरतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच ठरवलंय, त्यामुळे अक्कांचा आकडा सहज पार होतो.

सगळ्यांकडे असं नाही. पण काही ना काही असतंच. ईएसआयचं कार्ड, बँकेत जमा झालेला पगार, ओळखपत्र, वॉर्डातल्या दुकानदाराची साक्ष. आणि एक गोष्ट करूच नका: शेवटचा पगार देतो म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा मागतात, तो देऊ नका. त्यावर नंतर राजीनामा लिहिला जातो.

दोन निकालांचीही चर्चा आमच्यात होते. 2006 चा उमादेवी निकाल कर्नाटकातलाच. तो दाखवून सांगतात की हंगामी माणसाला कायम होण्याचा हक्क नाही. डिसेंबर 2024 मध्ये जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं झाडलोट करणाऱ्या बायकांना परत कामावर घ्यायला आणि कायम करायला सांगितलं, आणि उमादेवी निकाल अशा माणसांविरुद्ध वापरू नका असंही बजावलं. निकाल आपल्या बाजूचा असला तरी तो आपल्या दारात चालत येत नाही. जुलै 2022 मध्ये राज्यभरातल्या पौरकार्मिकांनी काम बंद ठेवलं तेव्हा सरकारनं कायम करण्याचं मान्य केलं. ड्रायव्हर, लोडर, यूजीडीवाले त्यातून मागे राहिले. आमचा ड्रायव्हर आज यादीबाहेर आहे तो त्यामुळेच.

आता वर्गणी आणि बैठक. वर्गणी जवळजवळ सगळेच देतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बैठकीला बोलावलं की उत्तर ठरलेलं: "येतो की ओ, पण सैपाक राहतोय." किंवा, "तुम्ही आहात की, वकील आहेत की, बघून घ्या." पैसे दिले म्हणजे भांडण दुसऱ्याच्या गळ्यात बांधून आपण मोकळे, हे मला पटत नाही. माझी आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत होती. प्रा. सुभाष जोशींच्या पुढाकारानं तिथल्या बायकांची संघटना उभी राहिली तेव्हा ती त्यात होती. अंगाला तंबाखूची भुकटी, डोळ्यांना सतत पाणी, अक्षरओळख नाही. ती सांगायची, मालक मागण्यांचा कागद वाचायचा नाही, खिडकीतून गेटावरच्या बायका मोजायचा. जोशीसर एकटे गेले असते तर चहा देऊन परत पाठवलं असतं.

नव्या संहितेत तर हे मोजणं कायद्यातच आलंय. एकापेक्षा जास्त संघटना असतील तर मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असेल तीच एकटी वाटाघाटीला बसते. तेवढा कुणालाच नसेल तर किमान 20 टक्के असलेल्यांची परिषद होते. तुमची सही नसेल तर तुमच्या वतीनं बोलायचा आमचा हक्क तेवढा कमी. संपाचंही तसंच: 14 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कुणी रागाच्या भरात उद्या सकाळी गाड्या अडवल्या तर संप बेकायदा ठरतो आणि नुकसान आपलंच. कधी थांबायचं आणि कधी बंद करायचं, हे सगळ्यांनी बसून ठरवायला लागतं. चार पदाधिकाऱ्यांनी ते ठरवावं असं मला स्वतःला वाटत नाही.

यादीत ज्यांचं नाव आहे त्यांना माझं खास सांगणं आहे. त्या एकोणीस जणांबरोबर पहाटे हजेरीच्या ठिकाणी उभ्या राहा. ते रोज येतात, 'आम्ही कामाला हजर आहोत' असा अर्ज देतात, त्याची पोच मागतात. पोच मिळाली नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवतात. मुकादम त्यांना हाकलतो तेव्हा शेजारी दहाजणी उभ्या असल्या तर त्याचा आवाज खाली येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

येत्या रविवारी दुपारी चारला समाजमंदिरात बैठक आहे. सैपाकाची अडचण ओळखूनच वेळ बदलली, आणि मुलांना घेऊन या, जागा आहे. घरातली जुनी कॅलेंडरं, पासबुकं, कार्डं, जे सापडेल ते पिशवीत घालून आणा. दोन पोरं मोबाइलवर पीएफ काढून द्यायला बसतील. मंगळवारी बेळगावला सुनावणी. बायकांना शक्ती योजनेत बसला तिकीट लागत नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. पुरुषांचं तिकीट संघटना देईल, पावती मी फाडते. बस सकाळी साडेसातची आहे.