‘ब’ नर लहान नव्हताच, पाणी कोमट होतं

गेल्या वेळी तळ्यातल्या ‘ब’ या भेकाच्या (टोडच्या) नराला मी बेधडक लहानखुरा ठरवलं होतं. मादीला बोलावणारी साद भराभर येते, म्हणजे अंगाने छोटा, असा हिशोब. तो मागे घेतोय.

पाठीवरच्या गाठींवरून फोटो जुळवले, नर तोच. पण पावसाआधीचा आणि नंतरचा पल्स रेट (सादेतल्या ठोक्यांचा वेग) इतका वेगळा, की स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, दोन निराळे भेक वाटावेत. दोन रात्रींत अंग बदलत नाही, बदललं ते पाणी. भेकाचे स्नायू भोवतालच्या तापमानावर चालतात, गारव्यात साद संथ होते. आकाराचा अंदाज प्रबळ वारंवारतेवरून, म्हणजे सादेतल्या सर्वांत जोरकस सुरावरून, घ्यायचा, आणि तीही तापमानाने थोडी सरकते. माझ्या सादांच्या अकरा ध्वनिफायलींपैकी सातांत पाण्याचं तापमान नोंदलेलंच नाही. सातही बाद. फार जिवाला लागलंय.

तापमान घ्यायला इन्फ्रारेड गनवर विसंबू नका. लांबून तिचा मोजायचा ठिपका भेकापेक्षा मोठा पडतो आणि आकडा चिखलाचा येतो. तापमापकाचा तारेचा प्रोबच बरा, नराच्या शेजारी, साद थांबल्यावर. दिवा लालच ठेवा. पांढरा टॉर्च लागला की आमचा कोरस गप्प.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली. ‘क’ या दुसऱ्या नराने ‘ब’लाच मादी समजून काखेत आवळलं. ‘ब’ने अंग थरथरवत ‘चिक-चिक-चिक’ केलं आणि ‘क’ने लगेच सोडलं. सुटकेची हाक, पहिल्यांदाच इतकी स्वच्छ! जुन्या फायलींतले असेच चिकचिकाट मी ‘सॅटेलाइट नर’ म्हणून लावले होते. सॅटेलाइट तर गप्प बसून सादेकडे येणारी मादी मधेच अडवतो. ती लेबलं आज बदलली.

आता तापमानाचा परिणाम वजा करून आकार काढायचा, असं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता फाउलर्स टोड या भेकावरचा 1981चा अभ्यास आठवला: नर गार जागा निवडून आवाज खालचा करतात, आणि माद्यांना खालचा आवाज आवडतो. कॉमन टोडवरच्या 1978च्या प्रयोगात तर खर्जातला आवाज ऐकवला की मिठीतल्या जोडीवर हल्ले कमी झाले होते. मग तापमान वजा कशाला करायचं? तेच मोजायला हवं.

म्हणून आज प्रोब तीन: उथळ काठ, गवताखाली, आणि ‘ब’ बसतो तिथे. तो सर्वांत गार कोपरा धरतो का, एवढंच बघायचंय. मायक्रोफोन आज दुय्यम.