दार लाव

आमचा फ्रीज अजून सिंगल डोअरच आहे, नॉबच्या मधोमध डीफ्रॉस्टचं बटन असलेला. पंधरा दिवसांनी ते बटन दाबायचं, खाली ताट ठेवायचं आणि वाट बघायची. आज दुपारी बाहेर 43 आणि मी स्टूल टाकून त्याच्यासमोर बसलेय, दार सताड उघडं, हातात लाकडी उलथनं. सुरीने खरवडायचं नाही, नळीला भोक पडलं की गॅस जातो, हे ज्ञान मला एकदा दोन हजार रुपयांना पडलंय. बर्फाची अख्खी लादी एका दमात सुटून हातात आली की जे समाधान मिळतं त्याला तोड नाही, आणि कडेचा भुरभुरा बर्फ मी अजूनही खाते, त्याला मटारचा वास येतो तरी.

लहानपणी जळगावला मे महिन्यात दुपारी सगळे झोपले की मी फ्रीज उघडून आत डोकं घालून उभी राहायचे. पायाखाली फरशीसुद्धा तापलेली आणि तोंडावर तो गार धूर. कॉम्प्रेसर घुर्र करून सुरू झाला की आतल्या खोलीतून आई ओरडायची, "दार लाव गं, सगळा गारवा बाहेर जातोय!" झोपेत तिला कसं कळायचं देव जाणे.

आणि "दार लाव" म्हटलं की मला सॅम मॅकगी आठवतो. रॉबर्ट सर्व्हिस नावाच्या कवीच्या कवितेतला. रद्दीवाल्याकडे 20 रुपयाला मिळालेलं पुस्तक, मी ते फक्त मे महिन्यातच वाचते, डिसेंबरात हात लावत नाही. तर हा सॅम टेनेसीचा, गरम मुलखातला माणूस, सोनं शोधायला पार वर कॅनडाच्या उत्तर टोकाला, युकॉनला गेलेला आणि सदा कुडकुडणारा. मरायच्या आधी दोस्ताकडून वचन घेतो की मला त्या बर्फाळ मातीत पुरू नको, जाळ. दोस्त बिचारा त्याचं प्रेत स्लेजवर बांधून हिंडतो हिंडतो, शेवटी लबार्ज तलावाच्या काठी एक मोडकी आगबोट बर्फात अडकलेली दिसते, तिच्या बॉयलरमध्ये आग पेटवून सॅमला आत ढकलतो. बऱ्याच वेळाने धीर करून दार उघडून बघतो तर सॅम आगीत मस्त बसलेला, हसतोय आणि म्हणतोय, दार लाव बाबा, थंडी आत येईल, घर सोडल्यापासून पहिल्यांदा ऊब मिळालीये.

आमच्या आईच्या बरोब्बर उलट.

हे लिहिणारा माणूस म्हणजे बँकेतला क्लार्क. 1874 चा जन्म इंग्लंडात प्रेस्टनचा, वाढला स्कॉटलंडात, तिथे बँकेत चिकटला, मग विशीत नोकरी सोडून काऊबॉय व्हायला कॅनडात गेला, बरीच वर्षं मिळेल ते काम करत वणवण केली आणि फिरून फिरून 1903 ला परत बँकेतच! बँकेने 1904 ला उचलून युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला टाकला. आता गंमत अशी की तिथल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं 1896 ला, जगभरातून लोक धावले, दोन-तीन वर्षांत सगळं आटपलंसुद्धा. म्हणजे हा गेला तेव्हा वरात निघून गेलेली, मांडवात उष्ट्या पत्रावळी. पण ह्याने त्या पत्रावळीच गोळा केल्या. काउंटरवर, पार्ट्यांमध्ये, चर्चच्या कार्यक्रमात जुने खाणवाले जे जे बोलतील ते कानात साठवायचं आणि चालता चालता कविता करायची. सॅमची गोष्टही पार्टीतच ऐकलेली, त्याच रात्री चांदण्यात रानात फिरत फिरत कविता डोक्यात पूर्ण केली आणि दुसऱ्या दिवशी कागदावर उतरवली. नाव घेतलं बँकेच्या लेजरमधून. खरा मॅकगी म्हणून एक खातेदार होता, टेनेसीशी त्याचा काही संबंध नाही. पुढे त्या बिचाऱ्याला म्हणे युकॉनमध्ये एकाने त्याची स्वतःचीच राख विकली.

1907 ला ह्याने बोनसचे 100 डॉलर टोरांटोला वडिलांना पाठवले, म्हणाला थोड्या प्रती छापून घ्या, मित्रांना वाटतो. तर छापखान्यातले कामगारच अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता कविता मोठमोठ्याने म्हणायला लागले, प्रकाशकाने पैसे परत केले आणि वर रॉयल्टीचा करार पाठवला! पुस्तक इतकं खपलं की दोन वर्षांत पठ्ठ्याने नोकरी सोडली. समीक्षक काहीही म्हणोत, तो स्वतःच म्हणायचा, मी कविता नाही करत, पद्यं करतो. मला ते फार आवडतं. आपल्याकडे चार ओळी जुळल्या की लोक नावापुढे कवी लावतात.

त्या पुस्तकाच्या नावात सॉवरडो आहे. म्हणजे आंबवलेलं पीठ, आणि तिथल्या बोलीत ज्याने तिकडचा अख्खा हिवाळा काढलाय तो माणूस. कारण ते लोक पिठाचं विरजण गोठू नये म्हणून अंगाशी धरून झोपायचे. हे वाचलं तेव्हा मला एकदम आईचं इडलीच्या पिठाचं पातेलं आठवलं, डिसेंबरात ते गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची आणि आम्हाला सांगायची, हळू चाला, पीठ बसेल. बाकी तिथली थंडी आपल्याला काय कळणार म्हणा. उणे 40 ला पारासुद्धा गोठतो, मग थर्मामीटर तरी काय सांगणार, म्हणून दुकानाबाहेर बाटल्या मांडून ठेवायचे, पारा गोठला, रॉकेल गोठलं, सगळ्यात शेवटी पेनकिलर औषध, त्यावरून ठरवायचं आज बाहेर पडायचं की नाही.

1912 ला सर्व्हिसने युकॉन सोडलं आणि परत कधी गेला नाही. लग्न फ्रान्समध्ये, घर तिथल्याच समुद्रकाठच्या ब्रिटनी प्रांतात, 1958 ला तिथेच वारला. आठ वर्षांच्या थंडीवर जन्मभराची कमाई.

आमचे बाबा पण बँकेत, कॅशियर. त्यांना ही सगळी स्टोरी रंगवून सांगितली तर पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, "मग पेन्शनचं काय केलं त्याने?" पण सॅम त्यांना पटला होता. कारण स्वतः पक्के थंडगारू. जळगावात मे महिन्यात कूलर लावला की हे चादर ओढून, "बंद करा रे, गार वारा लागतोय." दिवाळी झाली की माकडटोपी चढायची ती होळीला उतरायची, आम्ही फार हसायचो.

डिसेंबरात गेले. पहाटेची वेळ, पारा नऊवर. अंघोळ घालताना भावाने टोपी काढून माझ्या हातात दिली आणि ती कुठे ठेवायची ते मला कळेना, शेवटी पर्समध्ये ठेवली. विद्युतदाहिनीचं लोखंडी दार वर गेलं, आतून लालभडक झळ तोंडावर आली, बाबा आत गेले. ऑपरेटर कुणाशी तरी बोलत राहिला, दार तसंच उघडं. आणि मी ओरडले, चांगली मोठ्याने, "दार लावा!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मामीने पाठीवरून हात फिरवला, म्हणाली नको बघूस.

ताट भरलं वाटतं. ओटा टिपटिपतोय.