काठाला काठ

पंढरपूरच्या वारीत सासवड सोडून जेजुरीच्या वाटेला लागलो, तेव्हा दिंडीतल्या तात्यांनी चालता चालता माझं मनगट धरलं. "टाळ समोरासमोर आपटू नका वकीलसाहेब, आवाज कोंडतो. जरा तिरपा घ्या. काठाला काठ लागला की लगेच सोडायचा." माझा हात हातात ठेवूनच त्यांनी एक अख्खा अभंग चालवला. दुसऱ्या अभंगाला हात सोडला आणि माझा टाळ पहिल्यांदा खणखणला. तात्यांनी वळूनही पाहिलं नाही. ते पुढचं चरण उचलून मोकळे झाले होते.

मला माझे सिनियर आठवले. दिवाणी कोर्टात वकिली करून मला आता २२ वर्षं झाली. माळ गेल्या वर्षी घातली, चालत मात्र ही पहिलीच वारी. सनद हातात आली तेव्हा कलमं पाठ होती, पण दावा वाचता येत नव्हता. सिनियरांनी माझ्या हातातला पहिलाच दावा काढून घेतला, पानं उलटली आणि शेवटचं पान वर ठेवून परत दिला. "आधी मागणी वाच. माणूस काय मागतोय ते कळलं, की तो बाकीचं का सांगतोय ते कळतं." १९६१ च्या वकिलांच्या कायद्याने मला वकील केलं, त्या पानाने वाचायला शिकवलं.

दिंडीत छापील कागद फारसा बाहेर निघत नाही. पहाटे काकडा, वाटेला लागलं की विठ्ठलाच्या रूपाचे अभंग, मग त्या त्या वाराचे, संध्याकाळी हरिपाठ. कधी काय म्हणायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मागे डोक्यावर तुळस घेऊन एक मावशी चालत होत्या. शाळा चौथीत सुटलेली. विणेकऱ्याने पहिला शब्द उच्चारला की त्यांच्या तोंडून अख्खा अभंग यायचा. चाल बदलणार हे मृदंगवाल्याला आधी कसं कळतं, याचा मी तीन दिवस शोध घेत होतो. चौथ्या दिवशी दिसलं. चाल बदलायच्या आधी विणेकरी एक पाऊल किंचित लांबवतात. मृदंगवाल्याची नजर त्या पायावर असते.

कोणाची चाल चुकली की तात्या म्हणायचे, "आपल्या फडात असं नाही म्हणत." फड म्हणजे एका परंपरेतला वारकऱ्यांचा समुदाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकलो. बार रूममध्ये मी स्वतः ज्युनियर पोरांना हेच ऐकवतो, "आपल्या कोर्टात अशी पद्धत नाही." या वाक्याच्या जोरावर केवढं तरी टिकलं आहे. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. तो कडकपणा नसता तर आपल्यापर्यंत काय आलं असतं, कोण जाणे. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तीही हा वारसा नीट शिकवला जावा म्हणूनच. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य. वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञही शिकवणारा हा माणूस कीर्तनालाही तितक्याच हक्काने उभा राहायचा. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

पण याच वाक्याने दारंही लावली गेली. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. आमच्या काळ्या कोटाचं तरी काय वेगळं? १९२३ चा कायदा होईपर्यंत बाईला वकिली करता येणार नाही असं सांगणारे लोक अडाणी नव्हते, कायदा कोळून प्यालेले होते, आणि त्यांची भिस्तही आजवरच्या पद्धतीवरच होती. वाल्ह्याच्या मुक्कामात या विचाराने मला बराच वेळ झोप लागली नाही.

लोणंदच्या तळावर समाजआरती अगदी जवळून पाहायला मिळाली. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, टाळांचा नुसता कल्लोळ. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरला आणि तळ एकदम शांत झाला. उजवीकडची एकच दिंडी तेवढी टाळ वाजवत राहिली. ज्यांची काही तक्रार असते त्यांनी टाळ थांबवायचे नाहीत, अशी रीत आहे. चोपदार तिकडे गेले, उभ्या उभ्या ऐकून घेतलं, काहीतरी सांगितलं. टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा झाला आणि त्यानंतर आरती. मी आयुष्यभर तारखा मोजत आलेला माणूस. एका दिंडीचं ऐकून होईपर्यंत एवढा मोठा समाज जागचा हलत नाही, हे पाहून माझे डोळे भरून आले.

त्याच रात्री तुळशीवाल्या मावशी राहुटीपाशी आल्या. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. भावाने सही करायला दिलेलं हक्कसोडपत्र. बॅटरीच्या उजेडात मी आधी शेवटचं पान वाचलं. वडिलोपार्जित जमिनीत २००५ पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, सोडायचा की नाही हे तुम्हीच ठरवायचं, आणि एकदा सही करून नोंदणी झाली की मागे फिरणं अवघड, असं सावकाश सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. कागद परत गुंडाळला आणि म्हणाल्या, "हरिपाठात सहाव्या अभंगाला तुम्ही अडखळता माऊली. म्हणा माझ्यामागून." मग तिथेच बसून आम्ही तो चार वेळा म्हटला.

कोर्टात समोरच्या वकिलाला आम्ही 'माझे विद्वान मित्र' म्हणतो. वाद कितीही पेटला तरी ते शब्द सुटत नाहीत, आणि त्यांनी माझ्या जिभेला कितीदा तरी आवर घातला आहे. पण तो मान सनदेनंतरचा. इथे टाळ धरता येत नव्हता, अभंग येत नव्हता, तेव्हाही पाया पडून लोक मला माऊली म्हणत होते. पहिले दोन दिवस मी अवघडून गेलो. नंतर लक्षात आलं की कोणी तसं म्हटलं की माझा आवाज खाली येतो. कोणी आपली हकीकत सांगू लागलं की साक्षीदाराला विचारावं तसं मी 'कधी, कोणासमोर' विचारायचो, तेही कमी झालं होतं. तात्यांच्या तोंडचं 'वकीलसाहेब' कधी गेलं, ते मात्र मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं. अश्व धावून गेले, त्यांच्या टापांखालची माती लोकांनी कपाळाला लावली, दिंडी पुन्हा तरडगावच्या वाटेला लागली. विणेकऱ्यांना पाणी प्यायचं होतं. वीणा खाली ठेवत नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "माऊली, जरा धरा." पट्टा माझ्या खांद्यावर घातला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. सत्तरीचा माणूस. मीही वाकलो, वीणा सांभाळत. उभा राहून तारेवर बोट ठेवलं, समोर पाहिलं, तर मृदंगवाल्याची नजर माझ्या पायावर होती.