साउंडवेव्ह आला एकदाचा!

आज दुपारी पार्सल हातात पडलं आणि चहा तसाच गार झाला. साउंडवेव्ह! ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे रूप बदलणाऱ्या रोबो-खेळण्यांमधला; कॅसेट प्लेअरचा रोबो होतो तो. मूळचा नाही हं, कंपनीनं पुन्हा काढलेला. जुना डबाबंद पीस घ्यायचा तर शेत विकायला लागेल.

लहानपणी बेळगावात, शहापुरात आमच्या गल्लीत एकाच पोराकडे हा होता, त्याच्या मामानं दुबईहून आणलेला. हात लावू द्यायचा नाही बेटा. बटण दाबलं की छातीचं झाकण खटकन उघडायचं, आत इवलीशी कॅसेट, ती उलगडली की पक्षी! आज तेच बटण दाबून दाबून मी घरच्यांचं डोकं उठवलंय. पाठीत बॅटरीची जागा आहे, त्यात सेलसारखे दिसणारे दोन तुकडे. ते काढायचे, तीच त्याची हत्यारं. हे डोकं ज्यानं चालवलं त्याला आपली बेळगावी मिठाई, कुंदा, पाठवायला पाहिजे.

हॅस्ब्रो कंपनीनं 1984 साली ट्रान्सफॉर्मर्स अमेरिकेत आणले, पण मूळ खेळणी जपानच्या ताकारा कंपनीची, तिच्या दोन मालिकांतली. ट्रकचा रोबो होणारा ऑप्टिमस प्राइम डायाक्लोनमधला, साउंडवेव्ह मायक्रो चेंजमधला. मायक्रो चेंजची गंमत म्हणजे घरातल्या वस्तूंचेच रोबो: कॅसेट प्लेअर, पिस्तूल. ते पिस्तूल म्हणजे मेगाट्रॉन, खलनायकांचा म्होरक्या.

आई म्हणाली, "एवढ्या पैशात मिक्सर आला असता की रे." आला असता, पण मिक्सरचा रोबो होत नाही.

स्टिकर अजून लावायचेत. रविवारी टिळकवाडीकडे कोण येणार असेल तर घरी या. हात न थरथरणारा माणूस हवाय.