गांडुळं पाण्यात किती टिकतात? १७ दिवसांची नोंद

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बाल्कनीतल्या गांडूळखताच्या क्रेटमध्ये पाणी तुंबलं. सकाळी पाहिलं तर खालच्या ट्रेमधल्या पाण्यात आठ-दहा गांडुळं पडलेली. मेली असतील असं धरून चाललो होतो, पण हातात घेतल्याबरोबर सगळी वळवळली. हॉलमध्ये माझा ६० लिटरचा गप्पींचा टँक आहे. ही त्यात राहतील का आणि तळातला गाळ खातील का, हे तेव्हापासून डोक्यात होतं.

माशांच्या जिवाशी खेळायचं नव्हतं, म्हणून पाच-पाच लिटरच्या दोन बरण्या घेतल्या. तळाला धुतलेली वाळू, त्यावर बदामाचं वाळलेलं पान, पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं. एकीत एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा सच्छिद्र दगड), दुसरीत नाही. प्रत्येकीत सहा गांडुळं, खताची नेहमीची तांबडी, आयसेनिया फेटिडा. पाण्याचं तापमान २७ अंश.

दिवस १. दोन्हीकडे सारखंच. बुडत नाहीत, गुदमरत नाहीत. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओल्या कातडीतून श्वास घेतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पुरेसा असेल तर कातडीला तो चालतो. अडचण प्रमाणाची. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, तर २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम, आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो.

दिवस ३. एअर स्टोन नसलेल्या बरणीतली सगळी काचेवरून वर चढून पाण्याच्या पृष्ठभागाशी गोळा झालीत. पान कुजायला लागलंय, तेही ऑक्सिजन खातंय.

दिवस ५. त्या बरणीत चार मेलेली, पाणी दुधाळ, वास असह्य. अमोनियाची टेस्ट लावली तर रंग गडद हिरवा, म्हणजे माशांना घातक इतका अमोनिया. उरलेली दोन लगेच क्रेटमध्ये टाकली. हेच टँकमध्ये कोपऱ्यातल्या दगडाखाली झालं असतं तर? मला या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच वाटते.

दिवस ११. हवेच्या बरणीत सहाही जिवंत, पण फिकट आणि बारीक. पानाला तोंड लावल्याची खूण नाही, वाळूवर विष्ठा नाही.

दिवस १७. पाच आत, आणि सहावं एअर स्टोनच्या नळीवरून चढून झाकणाखालच्या ओल्या कडेला बसलेलं. एकही कोकून (अंड्यांचा कोश) नाही. इथे थांबलो आणि सगळी क्रेटमध्ये परत सोडली. दोन दिवसांनी केळीच्या सालीखाली पाहिली, रंग परत आला होता.

तेव्हा टँकमध्ये गांडूळ सोडू नका. हवा चालू असेल तर ते आठवडे काढतं, पण उपाशी. आणि मोठ्या माशांना खाऊ म्हणून देणार असाल तरी आयसेनिया बेताने द्या. त्याला छेडलं की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतं, बरेच मासे ते तोंडात घेऊन थुंकतात.

गाळ खाणारा किडाच हवा असेल तर पाण्यातलाच हवा. पुढच्या आठवड्यात रिकाम्या बरणीत ब्लॅकवर्म लावतोय, लुंब्रिक्युलस. तो शेपूट वर काढून श्वास घेतो आणि तुकडे होऊन वाढतो. या वेळी वाळूचा थर दुप्पट ठेवणार आहे, पान मात्र घालणार नाही.