फूटवॉल्व्हमध्ये अडकलेली सुतळी

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी चारशे दोनमधून फोन आला, "शॉवर बारीक येतोय." एका खोलीतून अशी तक्रार आली तर रिसेप्शनवर कुणी दचकत नाही. आमच्याकडचं पाणी जड आहे. शॉवरच्या भोकांत क्षार बसतात, नाहीतर खोलीतला अँगल कॉक कुणीतरी अर्धा फिरवून ठेवलेला असतो. पण पाठोपाठ चारशे नऊचा फोन आला, मग चारशे पाचचा. तिन्ही खोल्या एकाच मजल्यावरच्या, पण वेगवेगळ्या पाइपांवरच्या.

पाण्याच्या तक्रारीत खोलीचा नंबर फार बोलतो. दोनशे चार, तीनशे चार, चारशे चार अशी एकाखाली एक खोल्यांची रांग कुरकुरली, तर त्या डक्टमधला व्हॉल्व्ह बघायचा. सबंध वरचा मजला कुरकुरला, तर सरळ गच्ची गाठायची, कारण टाकीतलं पाणी खाली गेलेलं असतं. हिशोब सोपा आहे. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब मिळतो. आमच्या गच्चीवरची टाकी चौथ्या मजल्याच्या शॉवरपेक्षा जेमतेम तीन मीटर वर आहे. टाकीतली पातळी दीड मीटर उतरली की चौथ्या मजल्याचा निम्मा दाब गेला. पहिल्या मजल्याला मात्र बारा मीटरची उंची मिळते, तिथे दीड मीटरने काही कळत नाही. पाणचक्कीत पाणी उंच भिंतीवरून खाली सोडून दळणाचं जातं फिरवायचे, तेही याच बळावर.

दिवस होता नोव्हेंबर अखेरचा रविवार. तुळशीचं लग्न उरकून मुहूर्त सुरू झालेले, छत्रपती संभाजीनगरात थंडीही बऱ्यापैकी. ४२ खोल्या भरलेल्या. त्यातल्या २६ परभणीकडून आलेल्या वऱ्हाडाच्या, बाकी वाळूजच्या कंपन्यांत ऑडिटला आलेले लोक आणि अजिंठा-वेरूळसाठी आलेले पर्यटक. हॉटेलसाठी माणशी दिवसाला १८० लिटर पाणी धरायची पद्धत आहे, पण वऱ्हाडाला ती लागू पडत नाही. दोघांच्या खोलीत चौघं झोपतात आणि सगळ्यांच्या आंघोळी पाच ते सातच्या दरम्यान. दिवसभरात सावकाश लागणारं पाणी दोन तासांत ओढलं जातं.

गच्चीवर पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या आहेत, खाली जमिनीत ६० हजारांची टाकी. दोन्हींच्या मध्ये तीन हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक मोटर, जी ताशी दहा-बारा हजार लिटर वर चढवते. म्हणजे मोटर चालू असेल तर वऱ्हाड कितीही नाहलं तरी टाकी रिकामी होऊ नये. ती होत होती, याचा अर्थ मोटर चालू नव्हती.

पंपरूममध्ये पॅनेलवर लाल दिवा लागलेला होता. मोटरला ड्राय रन प्रिव्हेंटर आहे. पाणी ओढलं जात नसेल तर मोटरवरचा भार कमी होतो, करंट उतरतो आणि ते यंत्र मोटर बंद पाडतं. म्हणून वाइंडिंग आणि सील वाचलं. पण दिवा पंपरूममध्ये लागतो आणि पहाटे पाचला पंपरूममध्ये कोण असतं?

जमिनीतली टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मग पाणी का ओढलं जात नव्हतं? उत्तर रात्रीच्या टँकरमध्ये होतं. शहराला पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून, आणि नळाला ते रोज येत नाही. मधले दिवस टँकरवर निघतात. लग्नसराईत टँकर मिळेल तेव्हा घ्यावा लागतो. दहा हजार लिटरचा हा टँकर रात्री अडीचला आला आणि होज थेट सक्शन पाइपाच्या, म्हणजे मोटरसाठी पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या, बाजूलाच सोडला गेला. दहा हजार लिटर पाणी दहा-पंधरा मिनिटांत तळावर आदळतं तेव्हा तिथला सगळा गाळ उसळतो. तो खाली बसायला निदान दीड-दोन तास लागतात. वरच्या टाकीचा सेन्सर मात्र वाट बघत नाही, पातळी उतरली की मोटर चालू. गाळात जे काही तरंगत असेल ते फूटवॉल्व्हकडे, म्हणजे सक्शन पाइपाच्या तळाशी असलेल्या एकतर्फी झडपेकडे, ओढलं जातं.

प्लंबरमामा वॉचमनच्या खोलीतच मुक्कामाला होते. लग्नाच्या रात्री त्यांना घरी पाठवत नाही, एवढी तरी शिस्त आम्ही पाळतो. ते म्हणाले, "सायेब, आधी प्रायमिंग करून बघू. पाइप भरला अन् पाणी तसंच राहिलं तर वॉल्व्ह चांगला. उतरलं तर वर काढावा लागंल." पंपाच्या वरच्या प्लगमधून आठ-दहा लिटर पाणी ओतलं. काठोकाठ भरलं आणि बघता बघता खाली गेलं. म्हणजे फूटवॉल्व्हची झडप पाणी धरत नव्हती. सक्शन पाइपात पाण्याचा स्तंभ टिकला नाही तर मोनोब्लॉक नुसती हवा फिरवतो, मोटर कितीही ताकदीची असो.

त्याच वेळी वर एक काम उरकायला हवं होतं. टाकीत शेवटचं वीतभर पाणी उरलं की तळाचा गाळ लाइनीत उतरतो, म्हणून आउटलेटचा व्हॉल्व्ह आधीच बंद करायचा असतो. पोरगा गच्चीवर पोचेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर चहाच्या रंगाचं पाणी आलं होतं. पाच चाळीसला व्हॉल्व्ह बंद झाला आणि सगळ्या नळांचं पाणी थांबलं. फ्लशची लाइन मात्र वेगळी, बोअरवर आहे. ती चालू राहिली म्हणून निभावलं. संडासात पाणी नसलेलं हॉटेल अर्ध्या तासात रिकामं होतं. बोअरचं पाणी आंघोळीच्या लाइनीत जोडून टाका, असं अशा वेळी कुणीतरी सुचवतंच. ते करायचं नाही. साबणाला फेस येत नाही हा भाग वेगळा, पण फ्लशची लाइन आणि अंगावर घ्यायच्या पाण्याची लाइन एकदा जोडली की ती जोडणी कुणीही काढत नाही.

आता पाहुणे. फोन आला की "पाच मिनिटांत येतं" म्हणायचा मोह होतो. हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. पाच मिनिटं म्हटलं की माणूस अंगाला साबण लावून उभा राहतो. मी रिसेप्शनच्या पोरांना एकच वाक्य दिलं: "मोटर बिघडली आहे, पावणेसातच्या आत नळाला पाणी येणार नाही, तोवर खोलीत बादली पोचवतो, आणि गिझरचं बटण बंद करा." वाक्यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. गिझरला पाणी खालून आत जातं आणि वरून बाहेर पडतं. मागून दाब नसेल तर आतलं पंधरा लिटर गरम पाणी जागचं हलत नाही, म्हणून लोक चिडतात: "गिझर तर तापलाय ना?" पण एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, नीट बसत नसेल आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, तर तेच पाणी उलटं फिरून खाली निघून जातं. मग रिकाम्या टाकीत कॉइल तापत राहते आणि जळते.

स्वयंपाकघराची गाळलेल्या पाण्याची टाकी स्वतंत्र आहे, दोन हजार लिटरची. त्यातलं हजार लिटर आंघोळीला काढायचं ठरवलं, म्हणजे वीस लिटरच्या पन्नास बादल्या. उरलेलं नाश्त्याला आणि भांड्यांना. पन्नास लिटरची दोन पातेली मोठ्या बर्नरवर चढवली. पाणी उकळायची गरज नसते. साठ अंशांपर्यंत, म्हणजे बोट बुडवून धरवत नाही इतकं तापलं की अर्धी बादली ते आणि अर्धी थंड असं मिसळून चाळीस अंशांचं आंघोळीचं पाणी होतं. त्याला अर्धा तास पुरतो. दोन पातेल्यांत दहा बादल्या. उकळत ठेवलं असतं तर तेवढ्याच गॅसवर वेळ दुप्पट गेला असता, आणि लिफ्टमधून उकळतं पाणी नेणं हा निराळाच धोका.

दहा बादल्या आणि मागणारे शंभर. पहिल्या कुणाला? आरडाओरडा करणाऱ्याला पहिली बादली दिली की बाकीचे ओरडायला शिकतात. मी कुणाला किती वाजता निघायचंय ते बघून ठरवलं. नवरदेव, त्याचे आईवडील आणि हळदीला बसणारी माणसं आधी, कारण कार्यालयात आठला हळद होती. त्यांच्याबरोबर अजिंठ्याला निघालेलं वयस्कर जोडपं. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून त्यांचा रविवार चुकला तर अजिंठाच चुकला. वेरूळ मंगळवारी बंद, ते त्यांनी सोमवारी ठेवलं होतं. शंभर किलोमीटरचा रस्ता, पुढे फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी सोडून एसटीच्या बसने लेण्यांपर्यंत. उशिरा निघालं की उन्हात पायऱ्या चढाव्या लागतात. ऑडिटवाल्यांना त्या दिवशी सुट्टीच होती, त्यांना सरळ सांगितलं की तुमचा नंबर शेवटी. त्यांनी फारशी कुरकुर केली नाही. खरं कारण सांगितलं की बहुतेक लोक थांबतात.

वऱ्हाडातल्या एक आजी जिन्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "लेकरा, पाणी कवा येतंय ते सांगू नको, किती बादल्या हायत ते सांग." मी आकडा सांगितला. त्यानंतर २६ खोल्यांचं वाटप त्यांनीच केलं. कुणी हात-पाय धुऊन भागवायचं आणि कुणी डोक्यावरून घ्यायचं, हे त्या ठरवत गेल्या. माझ्या पोरांचं ते कुणी ऐकलं नसतं.

खाली पाइप वर काढणं चालू होतं. आधी पंपाजवळचं युनियन सोडवायचं, मग दोन इंची सक्शन पाइप सरळ वर ओढायचा. नऊ फुटांचा पाइप तिरका झाला तर थ्रेड मोडतो, म्हणून दोघं लागतात. वॉल्व्हच्या झडपेखाली बोटभर सुतळी निघाली. टँकरच्या होजच्या तोंडाला गळती थांबवायला पोतं आणि सुतळी बांधतात, त्याचं सुटलेलं टोक. गाळाने जाळी भरली होतीच, पण झडप उघडी ठेवली होती या सुतळीने. जाळी ब्रशने घासली, रबराची कड तपासली. तीवर चीर असती तर नवा वॉल्व्ह टाकावा लागला असता, तो स्टोअरमध्ये होता. थ्रेडला टेफ्लॉन टेप गुंडाळून पाइप परत सोडला, पण या वेळी तळापासून फूटभर वर राहील असा. पुन्हा पाणी ओतलं. पाच मिनिटं थांबून बघितलं, पातळी उतरली नाही. सहा पस्तीसला मोटरने पाणी धरलं.

इथे घाई करणारे हमखास फसतात. पाणी गेलेलं असताना लोक नळ उघडून बघतात, काही येत नाही म्हणून तसाच उघडा सोडून निघून जातात. वऱ्हाडातली काही मंडळी तोवर तशीच कार्यालयात गेली होती, किल्ल्या खिशात घेऊन. आउटलेट उघडण्याआधी प्रत्येक मजल्याला एक पोरगा आणि मास्टर की दिली, जिथे माणसं होती तिथे दार वाजवलं. पाच खोल्यांत नळ उघडे सापडले. तीनशे आठमध्ये तर बाथरूमच्या जाळीवर ओला टॉवेल पडलेला होता. अर्ध्या तासात तिथलं पाणी उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये आलं असतं, तिथून लिफ्टच्या खड्ड्यात. मग लिफ्ट बंद आणि चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी सामानासकट जिना उतरायचा.

टाक्यांत फूटभर पाणी साठल्यावर व्हॉल्व्ह पाव भाग उघडला. एकदम उघडला तर रिकाम्या पाइपांतली हवा दाबली जाते, नळ फुरफुरतात, एखादा लवचीक कनेक्शन पाइप निसटतो. आधी चौथ्या मजल्याचे बेसिनचे नळ उघडून हवा जाऊ दिली, मग तिसऱ्याचे, शेवटी पहिल्याचे. सुरुवात बेसिनपासून, शॉवरपासून नाही, कारण पहिलं पाणी गढूळ असतं आणि शॉवरच्या भोकांत तो गाळ अडकला की तासभर घासत बसावं लागतं. पाणी स्वच्छ आल्यावर गिझरच्या गरम बाजूचा नळ उघडायचा, त्यातून सलग धार लागली की मगच बटण चालू. पंधरा लिटरच्या दोन किलोवॅट गिझरला साठ अंशांपर्यंत यायला वीस-बावीस मिनिटं लागतात. सात वीसला वऱ्हाडाची दुसरी तुकडी नाहून तयार होती. अजिंठ्याचं जोडपं सव्वासातला निघालं, सोबत पॅक केलेला नाश्ता.

बिलाच्या वेळी काय द्यायचं यावर हॉटेलवाल्यांत दोन मतं आहेत. फळांची टोपली पाठवून माफी मागणं मला पोकळ वाटतं. ज्याचं जे गेलं ते त्याला द्यावं. ऑडिटवाल्यांची सकाळ गेली होती, त्यांना खोली दुपारी दोनपर्यंत दिली. वऱ्हाडाच्या बिलातून जादा गाद्यांचे पैसे काढून टाकले. नवरदेवाच्या मामांनी एवढंच विचारलं, "परतीच्या रात्री तरी टँकर दिवसा घ्या की."

दुपारी सगळे कार्यालयात जेवायला बसले असताना वरच्या दोन्ही टाक्या आळीपाळीने रिकाम्या करून घासल्या आणि पाण्यात हजार लिटरला पाच ग्रॅम या मापाने ब्लीचिंग पावडर टाकली. पावडर थेट टाकायची नाही. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवायची, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरचं निवळ तेवढंच ओतायचं. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी, घ्यायची ती टाकीजवळ नाही, सगळ्यात लांबच्या नळाला. आमच्याकडे तो पहिल्या मजल्याच्या टोकाला आहे. तिथे पाणी पिवळं झालं तरच क्लोरीन पोचलं.

ड्राय रनच्या पॅनेलवरून दोन तारा ओढून बझर रिसेप्शनला आणला, खर्च हजाराच्या आत. टँकरचं पाणी आता सक्शनपासून लांबच्या कोपऱ्यात, लोखंडी जाळीच्या पेटीत पडतं, आणि टँकर आला की मोटरचा स्विच दोन तास मॅन्युअलवर. टँकरवाल्याला होजच्या तोंडाला सुतळीऐवजी क्लॅम्प लावायला सांगितलं. त्याने होकार दिला आणि पुढच्या खेपेला पुन्हा पोतं बांधूनच आला, म्हणून क्लॅम्प आम्हीच विकत आणून त्याच्या होजला बसवला.