क्योतोत भेटलेली शेवंती

नोव्हेंबरात क्योतोला सगळे लाल मेपलच्या मागे पळत असतात, मी पण दोन दिवस पळालो, मग गर्दीला वैतागून तिसऱ्या दिवशी इकेबानाच्या, म्हणजे जपानी पद्धतीने फुलं मांडायच्या कलेच्या, एका छोट्या क्लासला नाव दिलं.

सकाळी आधी रोक्काकुदो बघितलं. कारासुमा ओइके स्टेशनच्या जवळच, उंच बिल्डिंगांच्या मध्ये दडलेलं षटकोनी देऊळ. इथल्या पुजाऱ्यांनी बुद्धापुढे फुलं वाहता वाहता इकेबानाचं इकेनोबो घराणं तयार झालं, नावाचा अर्थ तळ्याकाठची खोली. सेनकेई म्हणून इथला पुजारी होता, त्याने मांडलेली फुलं बघायला गावातले दर्दी लोटले अशी १४६२ सालच्या एका रोजनिशीत नोंद आहे!

क्लासमध्ये सेन्सेईंनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, समोर ठेवली ती चक्क शेवंती. म्हटलं ही तर आपलीच, मार्गशीर्षातल्या गुरुवारची. पण आपण देठ खुडून टाकतो आणि नुसतं फूल देवाला वाहतो, आणि इथे सगळा खेळच देठाचा. तिला कात्री पण लावायची नाही, पाण्यात बुडवून बोटांनी मोडायची, म्हणजे पाणी नीट ओढते. माझं पहिलं देठ मोडलं नाही, चेंगरलं.

मग केनझान, म्हणजे जड ठोकळ्यावर उभे केलेले पितळेचे टोकदार काटे, त्यात देठं खोचायची. तीन देठांना तीन नावं: सर्वात उंच शिन, त्याच्या दोन तृतीयांश सोए, एक तृतीयांश ताई. आणि पाण्यातून वर येताना तिन्ही मिळून एकच देठ वाटलं पाहिजे! माझी शिन दर दोन मिनिटांनी आडवी. ध्यान वगैरे म्हणतात ते काही लागलं नाही, खरं सांगतो, पहिला अर्धा तास नुसती चिडचिड आणि मांडी घालून बसल्यामुळे मुंग्या. नंतर कधीतरी खोलीत फक्त देठं मोडल्याचा कट् आवाज येतोय हे लक्षात आलं.

किडीने खाल्लेलं एक पान मी तोडायला गेलो तर सेन्सेईंनी हात धरला, ते राहू दे. आणि माझी दोन सगळ्यात टपोरी फुलं मात्र काढून टाकली, जीव तुटला माझा.

शेवटी फोटो काढला की सगळं उपटायचं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायचं. हॉटेलवर ब्रश ठेवायच्या ग्लासात उभी केली तर तिन्ही एका बाजूला कलंडली, भोकवालं पान भिंतीला टेकून.